दादीच्या नावाची कॅसेट

कुवेतमध्ये आमच्या घरात थंड हवेची खोली एकच होती आणि तिच्यात आमच्यापैकी कुणालाही झोपायची परवानगी नव्हती. तिथे बेगम राहायची. बेगम म्हणजे ससाणी. शिकारीला मादीच घेतात. नर अंगाने लहान, आणि अम्मा म्हणायची तसं, कामालाही कमीच. बेगमचे पंख पसरले की या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जायचे. खोली लहान होती हे मी एरवी सांगत नाही, पण आत्मचरित्र आहे म्हणून सांगून टाकते. बाहेर एवढा उन्हाळा की गॅलरीत अंडं ठेवलं तर त्यातून उकडलेलं पिल्लू बाहेर यायचं. आम्ही तिघं हॉलमध्ये पंख्याखाली ओली चादर अंगावर घेऊन पडायचो आणि दाराच्या फटीतून बेगमच्या खोलीतली गार हवा जेवढी येईल तेवढ्यासाठी एकमेकांना ढकलायचो. एसीची घरघर आणि त्यात मधूनच तिच्या पायातल्या घुंगराचा आवाज, हे माझ्या लहानपणाचं अंगाईगीत.

ती आमची नव्हती. ती बू-सालेमची. बू-सालेम अब्बांचा कफील, म्हणजे ज्याच्या सहीवर आमचा इथला मुक्काम टिकून होता तो मालक. शुवैखला त्याचं मोटारींच्या सीटा शिवायचं वर्कशॉप होतं आणि त्यात अब्बा मुख्य कारागीर. दाभोळच्या खाडीकाठी शिडं शिवणाऱ्या घराण्यातला माणूस. कुवेतला येऊन चामडं शिवायला लागला. सीटांच्या उरलेल्या तुकड्यांतून अब्बा ससाण्यांची टोपडी शिवायचे. टोपडं म्हणजे पक्ष्याच्या डोळ्यांवरून घालायची चामड्याची टोपी. अंधार झाला की पक्षी शांत राहतो. अरबीत तिला दुसरं नाव आहे, पण आमच्या घरी टोपडंच, कारण दिसायचं अगदी तान्ह्या बाळाचं. तीन तुकडे, चोचीपुरती खिडकी, मागे दोन वाद्या. दोराभर घट्ट झालं तर डोळा गेला, दोराभर सैल झालं तर शिकार गेली. सगळ्या आखातात अब्बांसारखं टोपडं शिवणारा माणूस नव्हता. निदान सगळ्या शुवैखमध्ये तरी नव्हता. बरं, आमच्या गल्लीत तरी नव्हता.

उन्हाळ्यात ससाणे पिसं टाकतात. जुनी गळतात, नवी येतात, आणि ती नीट यावीत म्हणून पक्ष्याला गारव्यात ठेवायचं, भरपूर खाऊ घालायचं, दचकवायचं नाही. बू-सालेमच्या घरी त्या वर्षी बांधकाम निघालं होतं, म्हणून त्याने बेगमला अब्बांच्या हवाली केलं, वर एसी बसवून दिला आणि रोजच्या लावा पक्ष्यांची सोय केली. "आमच्या नशिबात जवळ्याची चटणी आनि हिच्या नशिबात लावे," अम्मा तवा आपटत म्हणायची. "अल्ला, मला बायको करण्यापरास ससाणी केलं असतंस तर!"

अब्बा दिवसभर वर्कशॉपला, अम्मा त्या खोलीत पाय टाकायला तयार नाही, तेव्हा बेगम माझ्याकडे आली. मी सोळा वर्षांची होते. (साडेचौदा.) दुपारी शाळेतून आले की लावा घेऊन आत जायचं, पिशवी फेकायची आणि गारव्याच्या मोहाने जमिनीवर पाठ टेकून बडबडत राहायचं. शाळेतल्या मास्तरीण बाईंच्या नकला, अम्माची गाऱ्हाणी, ऐकलेलं, न ऐकलेलं, सगळं. बेगम मान वाकडी करून ऐकायची. माझ्या गोष्टी शेवटपर्यंत ऐकणारी ती पहिली. आणि खायला द्यायच्या वेळी मी तिला हाक मारायचे. ससाण्यांना बोलवायची अरबांची आपली एक पद्धत आहे, छातीतून काढलेली, रुबाबदार. मला ती कुणी शिकवली नव्हती. मला एकच हाक येत होती, दादी गावाला संध्याकाळी कोंबड्या गोळा करायची ती: "ये गो बायो, ये गो, ये ये ये!" तेव्हा वाळवंटाची ती राणी, जिच्या किमतीत आमचं आख्खं गाव खाडीसकट विकत आलं असतं, ती खुराड्यातल्या कोंबडीसारखी धावत माझ्याकडे यायची. यात काही चुकतंय हे कुणाच्या लक्षात आलं नाही, माझ्या तर नाहीच.

उन्हं उतरली. इथे आभाळात सुहेल तारा दिसला की म्हातारे म्हणतात, आता घरात झोपा, बाहेरची रात्र गार होणार. आणि ज्यांच्याकडे ससाणे आहेत ते म्हणतात, आता तयारी. आमच्या घरात सामान साचायला लागलं. बेगमला तोलायचा तराजू आला, कारण शिकारीला पक्षी ना भुकेला ना धष्टपुष्ट असा लागतो. लांब दोरी आली. दोरीच्या टोकाला बांधायचा पंखांचा गुच्छ आला, तो गरगर फिरवून पक्ष्याला खाली उतरवतात. उन्हाळ्यात बेगमचं एक पीस मध्येच मोडलं होतं. अब्बांनी जुन्या गळलेल्या पिसाचा तुकडा सुईने आणि डिंकाने त्याला असा जोडला की बेगमलाही आपलं कुठलं आणि परकं कुठलं ते कळलं नसेल. मी तिला धरून बसले होते. माझ्या हातात तिचं काळीज एवढ्या जोरात उडत होतं की माझे दात वाजत होते. आणि त्या संध्याकाळी अब्बांनी माझ्यासाठी हातमोजा शिवला. ठोकलेल्या एका गाडीच्या लाल सीटचं चामडं, माझ्या डाव्या हाताच्या मापाचं, आत मऊ अस्तर. ससाण्याचा हातमोजा मोठ्या माणसाच्याच मापाचा मिळतो. माझ्या मापाचा जगात एकच होता, आणि हे मी वाढवून सांगत नाही.

शुक्रवारी बू-सालेमच्या वफ्राच्या शेतावर गेलो, खजुरीच्या रांगांपलीकडे मोकळ्या जमिनीवर. बू-सालेम ढेरपोट्या, हसरा, दाढीला मेंदी लावणारा माणूस. त्याने बेगमला दोरीवर सोडलं आणि छातीतून हाक काढली. बेगम खांबावर बसून राहिली. अब्बांनी बोलावलं. तिने पंखात चोच घालून काहीतरी शोधलं. मग अब्बांनी माझ्याकडे बघितलं. मी हातमोजा चढवला आणि दादीच्या कोंबड्यांची हाक दिली. बेगम जमिनीलगत अशी आली की वाळूवर तिच्या वाऱ्याची रेघ उठली. हातावर बसली तेव्हा मी दहा पावलं मागे गेले. दोन पावलं म्हणा. बू-सालेम मांडीवर थाप मारून हसला आणि अब्बांना म्हणाला, तुझी पोरगी जादूगार आहे. तीन वेळा सोडलं, तिन्ही वेळा ती माझ्याकडेच आली. शिकारीला तीन आठवडे उरले होते. एवढ्या वेळात पक्ष्याला नवी हाक लावता येत नाही, हे मलाही कळत होतं.

परतताना पिकअपमध्ये मी अब्बांना विचारलं, "मग आता?"

"आता काय. तुला न्यायला लागणार."

"वाळवंटात? तंबूत? पहिल्या दिवशी?"

"पहिल्या दिवशी. बू-सालेमशी बोलतो मी."

"शब्द?"

"शब्द," अब्बा म्हणाले, आणि स्टीअरिंगवरचा हात उचलून माझ्या डोक्यावर ठेवला. मी ते तीन आठवडे जमिनीवर चालले नाही. शाळेत सांगितलं की मी शिकारीला चाललेय, तिथे सिंह असतात. अम्माकडून जुना स्वेटर उसवून नव्याने विणून घेतला. खजूर, पाण्याची बाटली, टॉर्च, सगळं एका पिशवीत भरून पिशवी उशाशी ठेवली. आणि रोज तिसऱ्या प्रहरी बेगमला मैदानात नेऊन हाक मारली; पन्नास पावलं, शंभर, दोनशे. माझी नात मध्येच विचारते, "नानी, वॉज इट लीगल?" बाळा, त्या वयात मला कायदा एकच माहीत होता. अब्बांनी शब्द दिला होता.

आता कॅसेटचं सांगते. दादी गावी. तिला वाचता येत नसे, आणि पत्र वाचून दाखवणारा मास्तर मधली वाक्यं गाळतो असा तिला संशय होता. त्यामुळे आमच्या घरी पत्र नाही, कॅसेट. इथल्या सगळ्याच कोकणी घरांत तेव्हा ही रीत होती. कुणी रजेवर चाललं की त्याच्या हाती कॅसेट द्यायची. तो परत येताना गावची कॅसेट, आमसुलं आणि कुळथाचं पीठ घेऊन यायचा. एक बाजू माझी आणि अम्माची. दुसरी बाजू अब्बांची एकट्याची. तेव्हा आम्ही उठून स्वयंपाकघरात जायचो. ते आपल्या आईशी काय बोलायचे ते मला माहीत नाही. कधी कधी अर्धं अर्धं मिनिट काहीच ऐकू यायचं नाही, नुसती फिरकी फिरत असायची.

जायच्या चार दिवस आधी अब्बा टेप घेऊन बसले. म्हणाले, "दादीला ऐकव, तिच्या कोंबड्यांच्या हाकेवर ससाणी कशी येते ती."

मी हाक मारली.

"अशी नाय. मैदानात मारतेस तशी. मोठ्याने."

"शेजारी येतील अब्बा."

"येऊ देत. परत एकदा. लांब ओढ. आनि एकदा."

मी सहा वेळा मारली असेल. स्वयंपाकघरात अम्माचा डाव थांबला. मला वाटलं, ती माझं कौतुक ऐकतेय. अब्बांचा हात बटणाकडे गेला तेव्हा मी तो धरला. "थांबा की, माझं दादीशी बोलणं कुठे झालंय!" आणि मी बोलत सुटले. दादी, मी शिकारीला चाललेय. अब्बा मला घेऊन जाणार, पहिल्या दिवशी, शब्द दिलाय त्यांनी. माझ्या मापाचा हातमोजा शिवलाय, लाल. दादी, अख्ख्या कुवेतात असे अब्बा कुणाचे नाहीत. असंच बरंच काही. अब्बा हात मांडीवर ठेवून बसून राहिले. बाजू संपली तेव्हा त्यांनी कॅसेट काढून खिशात घातली. दुसरी बाजू बोलायला आज वेळ नाही म्हणाले.

गुरुवारी मला जाग आली ती शांततेने. इतके महिने डोक्यात असलेली घरघर थांबली होती. उन्हाळा गेलेला, एसीची गरज नव्हतीच, पण बंद करायचं कुणाला सुचलं नव्हतं. आज सुचलं होतं. खोलीचं दार उघडं. खांब नाही, तराजू नाही, दोरी नाही, टोपड्यांचा डबा नाही. खिळ्यावर माझा लाल हातमोजा तेवढा होता. अम्मा फजरची नमाज आटोपून जानमाज घडी करत होती.

"गेले?"

"गेले."

"मला उठवलं का नाय?"

अम्माने आधीच घडी झालेल्या जानमाजची आणखी एक घडी केली. "भाकरी करते तुला, गरम," ती म्हणाली. पिशवी माझ्या खांद्याला होती. टॉर्च पेटलेला होता, दिवसाउजेडी.

चौथ्या दिवशी दुपारी अब्बा परतले. हातावर टोपडं घातलेली बेगम आणि मागे शरीफचाचा, तंबूचा स्वयंपाकी, आमच्याच तालुक्यातला, हातात दोन हुबारा पक्षी लोंबकळत. हुबारा म्हणजे आपल्या तणमोराचा थोरला भाऊ. अब्बांनी माझ्याकडे न बघता चपला काढल्या. "बाईमाणसाला नेत नाहीत गो तिकडे," ते म्हणाले. "मी काय करणार? मालकापुढे आपलं काय चालतं." आणि आत गेले. मी त्यांच्यावर विश्वास ठेवला. तीन दिवस उपाशी राहून रागाचा जो डोंगर रचला होता तो एका वाक्याने खाली बसला. बिचारे अब्बा, असंसुद्धा वाटलं. तेवढ्या एका गोष्टीसाठी मी त्यांना सगळ्यात उशिरा माफ केलं.

स्वयंपाकघरात शरीफचाचा पिसं काढायला बसला. मी पाणी दिलं. तो म्हणाला, "काय आवाज गो तुझा! पाच मैल घुमला."

"माझा आवाज?"

"मग कुणाचा? जीपच्या टपावर ह्येवढा भोंगा लावलेला. बेगम गेली आभाळात, ठिपका झाली. बू-सालेम म्हणतो, आता लाव. डायवरने कॅसेट लावली. ये गो बायो! मी डाळ ढवळत होतो, मला वाटलं तुझी दादीच आली उंटावर बसून. आनि बेगम आली ना! दगड पडावा तशी."

अम्मा म्हणाली, "शरीफभाय, पुरे."

"पुरे काय, भाबी, खरी मजा फुडं हाय. हाक संपली, कॅसेट चालूच. अब्बा हिचा लांब, हातमोजा घालून उभा. डायवर बंगाली, त्याला वाटलं हा पन पक्ष्याचाच मंतर. आनि ही सुरू, दादी, मी चाललेय, अब्बा नेणार, शब्द दिलाय... बेगम काय हातावर बसंना. गेली नि जीपच्या टपावर बसली, भोंग्याच्या तोंडाशी. अशी मान वाकडी करून, आत बघत. सगळी बाजू ऐकली तिने. कुणी हलंना. बू-सालेम विचारतो तुझ्या बापाला, पोरगी काय म्हणते? तर हा म्हणतो, पक्ष्याची तारीफ करते." चाचा हसला, आणि हसता हसता त्याचं माझ्याकडे लक्ष गेलं. "तुला सांगूनच नेली ना कॅसेट?"

मी म्हटलं, "बाईमाणसाला नेत नाहीत ना तिकडे?"

"कोण म्हणतं? बू-सालेमची धाकटी होती की. तुझ्यापरास लहान. बॉनेटवर बसून खजूर खात होती." मग त्याने पिसं भरभर काढायला घेतली आणि हळू आवाजात म्हणाला, "विचारलं असतंन तर नाय म्हणाला नसता गो बू-सालेम. तुझ्या बापाने विचारलंच नाय. मालकाकडे मागायला लाजला."

मी आयुष्यात पुष्कळ फसले. एका माणसाने मला समुद्रातला प्लॉट विकला होता, तो मी अजून भरतीच्या वेळी दुरून बघते. पण त्या दुपारसारखं फसणं पुन्हा झालं नाही. अब्बांनी तर फसवलंच. अम्माला ठाऊक होतं, तिनेही. पण ज्याचं खरं लागलं ते बेगमचं. दगड पडावा तशी आली. मी इतके महिने समजत होते की ती मला ओळखते.

तेवढ्यात आतून पंखांची फडफड ऐकू आली. नव्या खांबावर ती बिथरली होती. अब्बा हाका मारत होते, मग मला हाक मारली. "पोरी, जरा ये, बोलव तिला. टोपडं घालू देत नाय."

मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "कॅसेट लावा."

शरीफचाचा अर्धवट सोललेला पक्षी तसाच ठेवून, नमाजची वेळ झाली म्हणत उठून गेला. नमाजची वेळ झाली नव्हती.

त्यानंतर मी त्या खोलीत गेले नाही. पुढच्या महिन्यात बू-सालेमचं बांधकाम संपलं आणि त्याचा माणूस बेगमला घेऊन गेला. कॅसेटही तिच्याबरोबर जाईल असं मला वाटलं होतं. पण अब्बांनी ती मागून घेतली होती आणि रजेवर निघालेल्या कुणाच्या तरी हाती गावाला धाडली होती. हे कळलं दादीची कॅसेट आली तेव्हा. आम्ही तिघं टेपभोवती बसून ऐकत होतो. आधी शेजारणीची म्हैस, मग कुणाचं लग्न, मग दादीचा तो घोगरा, गुळासारखा आवाज: "आनि माझ्या बायो, तुझी हाक ऐकून माझ्या कोंबड्या गो घरात शिरल्या! जाऊन आलीस ना शिकारीला? काय काय बघितलंस? सगळं सांग हां. काय गाळू नको. मी ऐकायला बसलेय."

अब्बांनी टेप बंद केला. कोरी कॅसेट घातली, माझ्यासमोर ठेवली. पहिल्यांदाच त्यांनी माझ्याकडे सरळ बघितलं. "झालं ते सांग तिला," ते म्हणाले. "माझं नाव घेऊन सांग." आणि लाल बटण दाबलं.

अम्मा उठायला लागली, मी तिला हाताने बसवलं. मग मी सांगायला सुरुवात केली. दादी, गेले होते. पहाटे निघालो. अब्बांनी मला पुढच्या सीटवर बसवलं, वाटेत झोप लागली तेव्हा त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवलं. तंबू आपल्या मशिदीएवढा. वाळू अशी, की पायातून दूध सांडल्यासारखी वाहते. अब्बा माझ्या मागे उभे होते, माझा कोपर धरून, हात हलू नये म्हणून. बेगम ठिपका झाली, दिसेनाशी झाली, सगळे म्हणाले गेली. मी हाक मारली. दादी, ती माझ्या हातमोज्यावर येऊन बसली आणि अब्बा सगळ्यांना म्हणाले, ही माझी मुलगी. मी कुठे अडखळले नाही. ज्या वाळवंटात गेले नव्हते त्यातला एकेक काटेरी झुडूप मला दिसत होतं. अब्बा समोर, मांडी घालून, नजर टेपच्या फिरणाऱ्या चाकावर. मी एकदाही थांबले नाही, आणि त्यांनी मला एकदाही थांबवलं नाही.

खटकन बटण वर आलं. बाजू संपली. अब्बांनी कॅसेट काढून उलटी करून घातली. आता त्यांची पाळी, म्हणून अम्मा आणि मी रीतीप्रमाणे उठून स्वयंपाकघरात गेलो. दाराशी उभी राहून मी ऐकत होते. फिरकी फिरत होती. अर्धं मिनिट झालं, एक झालं, मग मी मोजायचं सोडून दिलं. अम्माने भात उतरवला, ताटं घेतली. आतून खट् असा आवाज आला, तोवर अब्बांनी तोंडातून शब्द काढला नव्हता. ती बाजू तशीच गावाला गेली.